एक आर जास्त वाचला

शिक्षक भरतीच्या परीक्षेसाठी मी एक वही केली होती. सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या तिच्यात होत्या. डेअरी आणि डायरी, क्वाइट आणि क्वाएट, अशा शंभरेक. सगळ्या तोंडपाठ, आणि मला त्याचा भारी माज होता.

घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. माझ्या वडिलांचं, आण्णांचं, आयुष्य मेंढरांमागे गेलं. त्यांना अक्षरओळख नाही. त्या दिवशी त्यांनी वडवणीच्या बाजारातून गोचिडाचं औषध आणलं. दुकानात गर्दी होती, कुणी नीट सांगितलं नव्हतं. पाजायचं की अंगाला लावायचं, एवढंच त्यांनी मला विचारलं. मी वहीतून अर्धी मान वर काढली. खोक्यावर ट्रॉपिकल लिहिलंय, म्हणजे उष्ण प्रदेशासाठी, आणि आपलं बीड उष्णच की, असं म्हणून वर हसले. खाली किलोमागे किती मिली ते दिलं होतं, जंताच्या औषधावर असतं तसंच. मी म्हणाले, पाजा.

ते बाटली घेऊन गेले. खोकं माझ्या वहीवरच राहिलं. पान उलटण्यासाठी ते उचललं, तेव्हा शब्द नीट दिसला. टी, ओ, पी. मधे आर नव्हताच. टॉपिकल. वहीत त्याचा अर्थ होता प्रासंगिक. प्रासंगिक औषध कसलं? मोबाइलवर शोधलं. औषधाच्या बाबतीत अर्थ निघाला, फक्त कातडीवर लावायचं.

मी अनवाणीच घरामागे धावले. आण्णांनी मेंढीचा जबडा उघडून धरला होता.

"आण्णा, पाजू नका. ते वरून लावायचं हाय."

त्यांनी बाटली खाली ठेवली. ही सहावी मेंढी होती. पाच पिऊन झाल्या होत्या.

गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. तोंडात काही घालू नका, सावलीत ठेवा, मी निघालोच, असं ते म्हणाले. ते येईपर्यंतचा तास आजही माझ्या मनातून जात नाही. पाचही मेंढ्यांच्या तोंडातून लाळ गळत होती, पाय लटपटत होते. त्यातली एक चार दिवसांपूर्वीच व्यायली होती. तिचं कोकरू दुधासाठी ढुशा देत होतं आणि आण्णा त्याला मागे ओढत होते, कारण आता ते दूधही धोक्याचं होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

इंजेक्शनं दिल्यावर चौघी सावरल्या. कोकराची आई गेली.

चूक कुठं झाली, असं आण्णांनी संध्याकाळी विचारलं. मी खोक्यावर बोट ठेवून दाखवलं की इथे नसलेलं एक अक्षर मी वाचलं. त्यांनी खोकं बराच वेळ हातात धरलं. मी वही पेटीत टाकली. कोकराला बाटलीनं दूध पाजायचं काम मी कुणाला करू दिलं नाही.

पंधरा दिवसांनी आण्णा नवं औषध घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. मी हात मागे घेतले आणि डॉक्टरांनाच विचारा म्हणाले.

"त्यास्नी इचारूनच आनलंय," आण्णा म्हणाले. त्यांनी खोक्यावरच्या शब्दाखाली अंगठा ठेवला. "तरी बी तू वाच. एकेक अक्षर."