निवडून आणलेली

"ताटाला हात लावू नकू, सरपंचबाई. मागं हुबी ऱ्हा."

गावचा कारभार हाकणाऱ्या तात्यांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं. पाहुणीला ओवाळायचं चांदीचं ताट त्यांच्या घरचं होतं. मी हात मागे घेतला. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

नेकनूरच्या अलीकडचं आमचं गाव. सरपंचपद राखीव झालं, आमच्या वस्तीला आलं. तात्यांनी मला निवडून आणलं. निवडून आणलं, असंच सगळे म्हणायचे, मीही म्हणायचे. शिक्का त्यांच्या कोटाच्या खिशात. खुर्चीवर ते. मी दाराशी सतरंजीवर. सहीपुरती.

पाहुणी रोमानिया देशाची. तिथं मंत्री होती, आता सगळ्या युरोपच्या संसदेत बसते म्हणे. बायका गाव कसा चालवतात ते बघायला आलेली. मला आधीच संशय. आमच्याकडं बघायला येणारा फोटो काढतो आणि जातो.

ती गाडीतून उतरली आणि म्हणाली, "सरपंच?" तेवढा एकच शब्द शिकून आलेली. सगळ्यांनी तात्यांकडं बोट केलं. तात्यांनी हात जोडले.

माझ्या अंगाचा भडका उडाला. गर्दीतून पुढं झाले आणि छातीवर हात ठेवला. "सरपंच मी हाय."

ती माझ्याकडं वळून बराच वेळ इंग्रजीत बोलली. सांगायला तात्यांचा पुतण्या. तो म्हणाला, "म्याडम म्हणतेत, गाव लई छान हाय."

एवढ्या बोलण्याचं एवढंच?

"नीट सांग," मी म्हणाले. "आन् इचार तिला. तिला कुणी निवडून आणलं?"

पुतण्यानं काकाकडं बघितलं, मग विचारलं. पाहुणी हसायची थांबली. तिचं उत्तर त्यानं खाली मान घालून सांगितलं. "त्यांच्या पक्षातल्या एका बड्या माणसानं. पयल्या बैठकीत त्यानं यास्नी कॉफी आणाया लावली. म्हणतेत, आणली. पुढं संसदेत त्याच्याच इरोधात मत दिलं."

खरं की खोटं, देव जाणे. मोठी माणसं परक्या गावात स्वतःबद्दल गोडच सांगतात. पण कॉफी आणली, हे तिनं लपवलं नाही. तेवढं मला पटलं.

मी तात्यांपुढं हात पसरला. "तात्या, शिक्का द्या."

"पावण्यासमोर तमाशा करू नकू. तुला निवडून कुणी आणलं, इसरलीस?"

"मी निवडून आले."

हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. मलाच ते नवं वाटलं.

तात्यांनी शिक्का दिला नाही. फोटो काढून गाडी गेली. त्याच आठवड्यात मांजरसुंब्याच्या ढाब्यावरून माझ्या नवऱ्याला कामावरून काढलं. ढाबा कुणाचा, हे सांगायला नको.

ती बाई परत येणार नाही. मी वाटही बघत नाही.

शिक्का अजून त्यांच्याच खिशात आहे. पण माझ्या सहीवाचून तो नुसता रबराचा तुकडा. परवा त्यांचा माणूस कागद घेऊन दारात आला. मी पेनाला हात लावला नाही.

"तात्यांना सांग," मी म्हणाले, "खुर्ची रिकामी करा, शिक्का टेबलावर ठिवा. मंग सरपंच येईल. वाचंल. आन् पटलं तरच सही करंल."