रिकामा फोल्डर

सर्व्हरच्या डब्यावरचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता, पण पडद्यावर फोल्डर रिकामा दिसत होता. घर बदलताना घरातल्या सगळ्या फायली साठवणारा हा सर्व्हर मीच मांडीवर घेऊन आले होते. त्यातल्या एकत्र जोडलेल्या दोन डिस्कवर आईनं रानोमाळ हिंडून टिपलेले पक्ष्यांचे आवाज होते.

“गेले का गं सगळे?” आईनं विचारलं.

“थांब, बघते,” म्हणत मी सर्व्हरच्या सेटिंग्ज उघडल्या.

शोधता शोधता कळलं, दोन्ही डिस्क ठणठणीत होत्या. नव्यानं जोडल्यावर सर्व्हरनं त्या जोडीला वेगळंच नाव दिलं होतं आणि फोल्डर जुन्याच नावानं तिला शोधत होता. मी सेटिंगमधलं ते जुनं नाव काढून तिथं जोडीचा कायमचा ओळखक्रमांक घातला आणि सगळे आवाज भराभर समोर आले. रिकामं दिसतं ते प्रत्येक वेळी हरवलेलं नसतं. कधी कधी तिथवरची वाट तेवढी जोडायची राहिलेली असते.

आईनं शीळकरी कस्तुराची शीळ मोठ्या आवाजात लावली. शेजारच्या काकू बाल्कनीत येऊन झाडात पक्षी शोधू लागल्या.

“अहो, तिकडे नाही, इकडे या,” आई आनंदानं ओरडली, “आमच्या घरात आहे तो!”