मुंग्या आलेल्या चॅनेलवरचं मैदान

शतक सरायला आलं होतं, तेव्हाची गोष्ट. आमचं गाव इस्लामपूरच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यात. घरोघर केबल आलेली. अन् ऐन जत्रेच्या तोंडावर, बायका सगळ्यात जास्त बघायच्या तोच चॅनेल गेला. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

केबलवाला आमच्याच भावकीतला. बायका त्याच्या दारात भांडायला उभ्या. तो हात जोडून सांगायचा, "काकू, डिशला कायबी झालं न्हाई. वरनं येणारं चित्रच आता डिजिटल झालंय, जुन्या डब्यात त्ये उतरत न्हाई. नवा डबा पुण्यास्नं आला की जोडतो."

डिजिटल म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही, आजही पुरतं कळत नाही. शाळा चौथीत सुटली, ती सुटलीच. पण एक जागा मोकळी पडलीय एवढं कळलं.

त्या जत्रेत आमच्या थोरल्याची कुस्ती शेवटची ठरली होती, म्हसवडकडच्या नावाजलेल्या पैलवानाबरोबर. मैदानात शेवटची कुस्ती मानाची असते. पोराच्या अंगातलं बळ लोक माझ्या नावावर सांगायचे. मीही तरणेपणी मैदानं मारली होती. पण पहाटे उठून म्हशीची धार काढायची, बदाम वाटायचे, दुधाचा तांब्या त्याच्या हातात द्यायचा, हे सगळं त्याच्या आईनं केलं. आणि तिनं त्याला लढताना एकदाही बघितलं नव्हतं. आमच्याकडं बाई मैदानात जात नसे. कुणी मनाई केली नव्हती, पण जात नसे.

ती एवढंच म्हणाली, "हलगीच्या आवाजावर किती वर्सं वळखायचं वो? एकदा तरी डोळ्यानं बघू द्या की."

मी सरळ केबलवाल्याकडं गेलो. "ह्या मुंग्यांच्या जागी आपलं मैदान दाखवता येतंय का रं?"

"येतंय की तात्या. लग्नाचं शूटिंगवाला कॅमेरा धरंल, तिथनं माझ्या खोलीपतुर वायर वढायची. पर पंचमंडळी कबूल व्हतील व्हय?"

पंचांत मीही होतो, पण वडीलधारे अण्णा. ते पहिल्यांदा उसळलेच. "बायकांनी मैदान बघायचं? आरं, लंगोटावरची पोरं असत्यात!"

"अण्णा, त्यास्नी न्हाऊ-माखू कुणी घातलं? तुमी?"

सगळे हसले. अण्णांनाही हसू आवरेना. "लय हट्टी हायस बग."

"म्हणून तर माझ्या पाठीला कुणाला माती लावता आली न्हाई," मी म्हणालो. आणि ते खरंच आहे.

जत्रेदिवशी मैदानापासून केबलवाल्याच्या खोलीपर्यंत वायर गेली. मधे गाडीवाट. तिथं बांधायला ना खांब ना झाड, म्हणून वायर भुईवरनंच टाकलेली, आणि नेमका जोडही तिथंच. पोराची कुस्ती लागायला आली, तशी लांबची माणसं धावत सुटली आणि कुणाच्या तरी पायानं जोड सुटला. केबलवाला पळत आला, तारा पिळून टेप गुंडाळली. "तात्या, परत कुणाचा पाय पडला की चित्र गेलं. मला खोलीवर जायाला पायजे, हितं कुणाला तरी उभा करा."

उभा कुणाला करणार? त्या घडीला गावातला कुठला गडी मैदानाकडं पाठ करून थांबला असता? मी फेट्यासकट वाटेत मांडी घातली. जोड मांडीखाली, काठी आडवी.

लोक वळसा घालून जात होते. एकजण ओरडला, "तात्या, पोराची कुस्ती लागली की! उठा!"

"तू जा. माझी हितंच लागलीय."

समोर नुसत्या माणसांच्या पाठी. हलगी कडाडायला लागली, मग एकदम बसल्यासारखी झाली. गर्दीतनं "आरारारा" निघालं. माझा हात काठीवर आवळला, पण बूड हललं नाही. मग पुन्हा हलगी, आणि असा गलका उठला की पटके हवेत उडाले. थोड्या वेळानं खांद्यांवर बसलेलं माझं पोरगं दिसलं, पाठ कोरी, छाती मातीनं लाल. तेव्हा कुठं मी उठलो.

घरी आलो तर अंगणात बायकांचा मेळा. सगळ्या एकदम बोलत होत्या. आमची मंडळी मला बघून पुढं आली आणि चारचौघींत माझ्या मानेवर हात टाकला. उभ्या जन्मात तिनं असं केलं नव्हतं.

"वाका हिकडं. अस्सा गुडगा दिला हुता त्या म्हसवडवाल्यानं मानंवर. म्या म्हनलं, गेलं पोरगं! तर ह्यो खालनं असा सरकला, मासळीवानी..." बोलता बोलता थांबली. "आवं पर तुमी कुटं हुता? पंचांच्या गादीवर दिसला न्हाईत."

"हुतो की तिथंच जवळ."

फेटा सुटून गळ्यात आला होता. मी मान तशीच वाकवून ठेवली.

"सरकला, मग फुडं काय झालं?"