टर्बोची फाटकी नळी

पंक्चर शोधायला लेकीच्या सायकलची ट्यूब कानाशी धरली. सूं करत हवा निसटली आणि मी पुन्हा राजेगावच्या रस्त्यावर उभा राहिलो.

बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. दादाच्या जुन्या डिझेल जीपमधून आम्ही तिला गोंदियाला नेत होतो. राजेगावजवळ जीपचा दमच गेला. कितीही दाबलं तरी नुसता काळा धूर.

दादाने बॉनेट उघडलं. "टर्बोची हवा कुठून तरी निघून राह्यली. तू रेस दे, मले आयकू दे."

मी रेस दिली. मागे ती कण्हत होती. दादाला काही कळेना. तो माझ्यावर खेकसला, "तिले गप राह्याले सांग ना!"

मला सांगावं लागलं नाही. ती एकदम गप्प झाली. मला वाटलं, कळ ओसरली.

"हौ, सापडली!" फाटक्या नळीवर दादाने सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली. जीप पळाली.

दवाखान्यात लेक रडली, तेव्हा बायकोचा पदर माझ्या हातात आला. त्याला दातांनी भोक पडलं होतं.

नुसत्या कानाने नळी शोधली, असं दादा अजून सगळ्यांना रंगवून सांगतो. बायको शेजारीच असते. तेव्हाही गप्पच.