घसरणारी फळी

मेन्टेनन्सवाल्याला किस्से जमवावे लागत नाहीत. मशीनखाली तेल साचतं तसे ते आपोआप साचतात, पुसायला वेळ नसतो एवढंच. तारापूरच्या एमआयडीसीत माझी हयात गेली. आता बोईसरला घरी बसून जरा सांगायला घेतलं की बायको म्हणते, "झालं, सुटला पट्टा." सुटलाच आहे, तर ऐका.

आमच्या खात्यात सगळ्यात वाईट शब्द म्हणजे 'स्लिप'. मशीनचा बेल्ट स्लिप झाला, म्हणजे घसरला, की प्रॉडक्शन बंद, आणि प्रॉडक्शन बंद झालं की कंपनीचा शिपाई सायकल हाणत फिटरच्या दारात. फिटर म्हणजे तांडेल. मूळचा चिंचणीचा, पण राहायचा कंपनीच्या कॉलनीत, हीच त्याची चूक. बेल्टवर त्याचा हात बसलेला, त्यामुळे रविवार असो, होळी असो, शिपाई त्याच्याच दारात. एकदा तर सख्ख्या भावाच्या हळदीतून उचलून आणला. तोंड, हात, सगळं पिवळं. साहेबांनी काळजीनं विचारलं, "तांडेल, कावीळ झाली की काय?"

तांडेल बेल्ट ताणता ताणता म्हणाला, "नाय साहेब, भावाला झालीय. माला नुसती लागली."

*

तांडेलची मुलगी वैशाली तेव्हा आठवीत होती. नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट असेल. शाळेच्या गॅदरिंगला ती नाचली, आणि बाप पोचला तेव्हा मांडववाले खुर्च्या गोळा करत होते. केळव्याला समुद्रावर जायचं तर किती वेळा ठरलं आणि मोडलं, मोजायचं कुणी? मग पोरीनं मागणंच सोडलं. जेवताना तांडेल डबा उघडायचा आणि नुसता बघत बसायचा. म्हणायचा, "भांडायची ते बरं होतं रे शिंदे. आता कायच मागत नाय." मला फार वाईट वाटायचं. पण वाईट वाटून करणार काय, बेल्ट काय माझ्या बापाचा होता?

त्या मे महिन्यात मात्र तिनं मागितलं. इंजिनियर साहेबांचा भाचा परदेशातून सुट्टीला आला होता, चाकं लावलेली फळी घेऊन. स्केटबोर्ड म्हणतात. वैशाली त्याच्याकडून ती चालवायला शिकली. पण भाच्याची खरी करामत पुढेच होती. कॉलनीच्या उतारावरून वेगात यायचा, मध्येच फळी आडवी करायचा, चाकं खर्रकन घसरायची. ते शिकायच्या आत सुट्टी संपली, भाचा गेला, फळीही गेली.

तांडेल दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात आला तो उजळलेल्या तोंडानं. म्हणाला, पोरीनं मागितलंय, शाळा उघडायच्या आत तिला फळी करून द्यायची, आणि ती घसरणारी पायजे.

आमचा टर्नर सावे, पालघरचा, महा खवट. लेथवरून मान वर न करता म्हणाला, "घसरायला फळी कशाला? माझ्या मोरीत उभी कर."

*

तरी पहिली चाकं सावेनंच केली. स्टोअरवाल्याला विचारून भंगारातलं रबर घेतलं. फळी तांडेलच्या भावाच्या मोडक्या होडीची, सागवानी, दोन्ही टोकांना आयता बाक. खालचं लोखंडी काम वेल्डर यादवचं. आम्ही सगळे बारा तास मशीनखाली आडवे पडून वैतागलेले लोक, पण जेवणाच्या सुट्टीत असे कामाला लागायचो की विचारू नका. चाकं चांगली रुंद, मऊ, रस्त्याला चिकटून बसणारी.

रविवारी उतारावर ट्रायल झाली. वैशाली वेगात आली, फळी आडवी केली. फळी जागच्या जागी थांबली. वैशाली मात्र थांबली नाही.

कोपर फुंकत ती परत आली आणि म्हणाली, "शिंदेकाका, ही घसरतच नाय."

यादवची छाती फुगली. "फिसलेगी कैसे, बेटी? हमने बनाया है!"

जन्मभर स्लिप थांबवण्याचा पगार घेतला. घसरेल अशी वस्तू करायची सवय हाताला नव्हतीच.

*

मग यादवनं उपाय काढला. रबर काढून टाकलं आणि नुसती लोखंडी बेरिंगं चढवली. ती घसरली हो, पण आडवी, उभी, तिरकी, हवी तशी घसरली. आवाज असा की कॉलनीतल्या सगळ्या बायका दुपारच्या झोपेतून उठून गॅलरीत आल्या. पोरीला आधी देणार नाय, म्हणून तांडेल स्वतः चढून बघायला गेला. चढला एवढं सगळ्यांनी पाहिलं.

सोमवारी कंबर धरून कामावर आला. साहेबांनी विचारलं, काय झालं? तांडेल काही बोलायच्या आत सावे म्हणाला, "काही नाही साहेब, बेल्ट स्लिप झाला. पँटचा."

*

शाळा उघडायला आली. तांडेलचा चेहरा पुन्हा उतरला. शेवटी मीच म्हटलं, अरे, आपण नुसती डोकी लढवतोय, जिला हवीय तिला विचारा की! वैशालीला गेटवरून वर्कशॉपात आणलं. तिनं सावेला सरळ सांगितलं, चाक कडक पाहिजे, पण लोखंडाइतकं नको. अरुंद पाहिजे आणि कडा गोल.

"आणि काका, नुसती घसरायला नको. घसरून थांबायला पायजे."

सावेनं लेथ बंद केला. घसरून थांबायचं, हे आमच्यापैकी कुणी जन्मात ऐकलेलं नव्हतं. आमच्याकडे आधी थांबवायचं, मग का घसरलं ते बघायचं.

जाड नायलॉनचा एक तुकडा भंगारात सापडला. सावेनं लेथवर त्याची चाकं कातली, कडा हातानं घासल्या, आणि तासभर कुणाला टोमणा मारला नाही. तो आजारी आहे की काय, असं यादव मला विचारून गेला.

*

शाळा उघडायच्या आदल्या रविवारी सकाळी आम्ही सगळे उताराखालच्या नाल्याच्या कठड्यावर बसलो होतो. वैशाली दोनदा पडली, उठली, फळी काखेत मारून परत वर चढली. वर पोचून तिनं एक पाय फळीवर ठेवला आणि हाक मारली, "बाबा, बघतोस ना?"

तेवढ्यात मागे सायकलची घंटी वाजली. आम्हाला वळून बघायची गरज नव्हती. वर उभ्या पोरीनंही शिपायाला पाहिलं, आणि फळीवरचा पाय हळूच खाली घेतला.

शिपाई धापा टाकत म्हणाला, "तांडेल, चला लवकर. साहेब बोंबलतायत. मोठा बेल्ट घसरतोय."

तांडेल उठला. पायातल्या चपला काढल्या, कठड्याखाली नीट ठेवल्या आणि पुन्हा मांडी घालून बसला. पोरीवरची नजर न काढता शिपायाला म्हणाला,

"घसरू दे. घसरून थांबेल."