तिच्या स्कीमातून येणारे नंबर

आमच्या दोघींच्याही घरातून कॉलेजात गेलेल्या आम्हीच पहिल्या. वर्गात काही समजलं नाही की मी गप्प बसायचे, आणि ती सरळ हात वर करायची. ती वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. मी अंधेरीच्याच एका चाळीतली, घरचे मूळचे कोकणातले. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आम्ही मिळून घेतला. कल्पना तिची. तिची आई मासळी बाजारात बसायची. तिथल्या बायकांना रोज बर्फ लागतो. कुणाला किती हवा ते मोबाइलवरून नोंदवायचं आणि प्रत्येक मागणीला आपोआप पुढचा नंबर मिळणार, असं ते होतं.

कॉलेजच्या डेटाबेसमध्ये प्रत्येकाला एक स्कीमा मिळतो, म्हणजे स्वतःचा कप्पा. आम्ही सगळी टेबलं, म्हणजे नोंदींचे तक्ते, तिच्याच स्कीमात बनवली. माझा रिकामा होता. "तुझा राहू दे गं, पाहुण्यांसाठी," ती म्हणायची.

दिवाळीनंतर तिच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला, आणि आईच्या जागेवर ती बसू लागली. "पुढच्या सेमला येते," ती फोनवर म्हणाली. "तोवर टेबलांना हात लावू नकोस, वाट लावशील." मी खरंच हात लावला नाही. लॅबमध्ये गेले की तिचा स्कीमा उघडून नुसती बघत बसायचे. तो आहे म्हणजे ती येणार, असं मला वाटायचं. का, ते नीट सांगता येणार नाही.

सेम सुरू झाल्यावर प्रोजेक्टच्या मॅडमनी मला बोलावलं. "तिनं कॉलेज सोडलंय. तुला बोलली नाही?" मी नाही म्हणून मान हलवली. "तिचा स्कीमा आता काढायचा आहे. टेबलं तुझ्याकडे कॉपी करून घे आणि तिची काढून टाक."

कॉपी सोपी होती. टेबलाची रचना जशीच्या तशी माझ्या स्कीमात आली, मग जुन्या मागण्याही आणल्या. पण तिचं टेबल काढायला गेले तर डेटाबेसनं नकार दिला. दुसरं काहीतरी यावर अवलंबून आहे, असं स्क्रीनवर आलं.

मॅडमनी बघितलं. "अगं, टेबल तुझं, पण नंबर अजून तिच्याकडून घेतेयस. रचना कॉपी झाली, तरी नंबर देणारा सिक्वेन्स तिचाच राहिला. स्वतःचा बनव, मग तिचं निघेल."

मला वाईट वाटायला हवं होतं. बरं वाटलं. तसंच सगळं सोडून मी बाजारात गेले.

ती सुरमई कापत होती. "मला सांगितलं नाहीस," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर रडत बसली असतीस. मग परीक्षा कोण देणार, तुझा बाप?"

"येते म्हणालेलीस."

"आई एका हातानं सुरी धरणार का?" ती वर न बघता म्हणाली. मी टेबल निघत नसल्याचं सांगितलं, तेव्हा हसली. "मग नवीन सिक्वेन्स लाव ना. आणि एकपासून चालू करू नकोस, वेडे. जुन्या मागण्या आत आहेत, त्यांच्यावर धडकतील. माझ्या शेवटच्या नंबरापुढून लाव."

"तू ये ना लावायला."

तिची सुरी थांबली. तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली, "ओ मावशी, सुरमई कशी दिली?" माझ्या वयाची माझी मैत्रीण त्या हाकेला सवयीनं वळली. भाव सांगू लागली. गिऱ्हाईक गेल्यावर मला म्हणाली, "जा आता. काढून टाक."

दुसऱ्या दिवशी मी माझा सिक्वेन्स बनवला आणि तिच्या शेवटच्या नंबरावर आणून ठेवला. टेबलाला सांगितलं की यापुढे नंबर इथून घ्यायचा. मग तिचं टेबल काढायची आज्ञा दिली. डेटाबेस पुन्हा नाही म्हणेल म्हणून मी थांबले. या वेळी त्यानं काहीच विचारलं नाही.

एक मागणी टाकून बघितली, तिच्या आईच्याच नावावर, नेहमी टाकायचो तशी. नंबर बरोबर पुढचा आला.

मग मी उगाचच तिचं टेबल उघडायला गेले. असं टेबल नाही, असं उत्तर आलं.