रडलं का कुणी?

अविनाशनं मला पाच वेळा मारलंय.

दोनदा विहिरीत, एकदा साप चावून, एकदा वीज पडून. आणि एकदा नुसत्या दुःखानं.

त्या शेवटच्या मरणावरून मी जाम भांडले होते. "अरे, दुःखानं माणूस असं धाडकन पडतं का? चक्कर आल्यासारखं दिसतं!"

"सुजे, तू नुस्ती पड. बाकीचं म्युझिक बघून घील."

अविनाश म्हणजे आमचा अव्या. बारामतीला कॉलेजात आम्ही एका वर्गात. पुढं मी बँकेत चिकटले, त्यानं भिगवणला मच्छीची खाणावळ टाकली. मासे तळायचा आणि उरलेल्या वेळात नाटकं लिहायचा.

नाटकं कसली, स्मशानच!

कळंबच्या जत्रेतलं आठवतंय? नावाडी बुडतो. त्याची बायको, म्हणजे मी, विहिरीत. पोरगं तापानं. औषध घेऊन येणारा डॉक्टर वाटेतच खलास. एवढं झाल्यावर दावणीची म्हैस हंबरडा फोडते आणि तीही मरते.

म्हशीत दोन पोरं होती. मरताना पुढची डावीकडं पडली, मागची उजवीकडं.

पुढं बसलेले एक आबा उठून ओरडले, "आरं लेका, येखादा तरी ठिव की! माती द्याया तरी माणूस लागंल!"

अख्खी जत्रा हसून लोळली. मी मेलेली होते, तरी माझं पोट गदगदत होतं.

अव्या विंगेत उभा. तोंड एवढंसं झालेलं.

"एकदा तरी कुणी रडलं पायजे, सुजे. एक माणूस. बास."

मी म्हणायचे, अरे मग मरणं कमी कर की. तो पुढच्या नाटकात दोन वाढवायचा. असला हट्टी प्राणी.

दोन महिन्यांपूर्वी खाणावळीच्या मागं मासे साफ करताना त्याच्या डोक्याला कावळा शिवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडं हा मोठा अपशकुन. मरण जवळ आलं म्हणतात. उतारा एकच. माणूस गेल्याची खोटी बातमी पाहुण्यांना धाडायची. कुणी रडलं की अरिष्ट टळलं. मग सांगायचं, जिता हाय.

आमच्या घरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून असलं काही मानत नाहीत. मी फोनवर त्याला झापलं, "मासळीच्या घाणीत उभा राहतोस. तिथं कावळा शिवणार नाही तर काय मोर?"

तो हसला. पण आक्का, त्याची आई, अन्नाला शिवेना. शेवटी झाला तयार.

आता दुसऱ्या कुणी "अविनाश गेला" एवढंच लिहिलं असतं तर काम झालं असतं. पण हा पडला लेखक! बातमी स्वतः लिहिली आणि चुलतभावाच्या फोनवरून सगळ्या ग्रुपवर टाकली.

"उजनीच्या काळ्याकुट्ट पाण्यानं आज अविनाश नावाचा अभागी जीव गिळला. आभाळ रक्त ओकलं. त्याचं मुकं कुत्रंही हाय खाऊन गेलं. आता चुलीत राख आणि राखेत मरण."

कुत्र्याला कशाला मारलंस बाबा?

पाच मिनिटांत लोक सुटले. "तिकीट कितीला?" "म्हैस वाचली का?" "यंदा जत्रेला हेच का?" खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या इमोजींचा ढीग. त्यात माझेही तीन.

संध्याकाळी आक्कांचा फोन आला.

"सुजाता, रडलं का गं कुणी?"

मागं कावळे ओरडत होते. पाण्याकाठी ते असतातच. पण त्या दिवशी तो आवाज मला नको झाला.

"रडले की आक्का. लय रडले."

"कोण?"

मला एक नाव सुचेना.

त्यांनी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फोन, तोच प्रश्न. मग अव्याचा आला. आवाज बसलेला.

"आई निस्ती माझ्याकडं बघत बसती गं. जेवताना, निजताना. मला बी आता भ्या वाटाया लागलंय. परत धाडू का बातमी? ह्या बारीला साधी लिवतो."

"गप रे. डोकं फिरलंय का?"

पुढच्या मंगळवारी सकाळी चुलतभावाच्या फोनवरून मेसेज आला.

"अविनाश गेला. अटॅक. माती चार वाजता."

खाली लगेच एकानं हसरा इमोजी टाकला. दुसऱ्यानं लिहिलं, "अव्या, या वेळी कुत्रं वाचलं वाटतं."

मी बँकेत काउंटरला होते. मेसेज पुन्हा वाचला. त्यात आभाळ नव्हतं, रक्त नव्हतं. इतकं साधं त्याला जन्मात लिहिता आलं नसतं. मी काउंटर तसाच सोडून उठले.

मातीला भिगवण लोटलं होतं. ग्रुपवर हसलेले सगळे आले. कळंबचे ते आबाही. कुणी खांबाला धरून, कुणी चप्पल हातात घेऊन, ओक्साबोक्शी रडत होते. मी तर किती रडले ते मलाच माहीत.

आक्कांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ओट्यावर बसून एकेकाच्या तोंडाकडं बघत होत्या. मी जवळ जाऊन त्यांचा हात धरला.

त्यांनी तो सोडवून घेतला.

"आता गं कशाला रडता? तवा रडायचं हुतं."

डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं जुनं होतं, यानं अंगावर काढलं. मला ते पटतं. कावळ्याबिवळ्याला मी आजही मानत नाही. पण हे आक्कांना कोणत्या तोंडानं सांगू? महिना झाला, त्या माझा फोन उचलत नाहीत.

अव्या, भावपूर्ण वगैरे मला जमणार नाही. ते खातं तुझं. मी साधंच लिहिते.

अविनाश गेला.

आम्ही रडलो रे. सगळे.